बैठकीचा प्रश्न

विजया पडली ती झळकीच्या अलीकडे, आणि उशीसकट पडली.

सायकल चालू असतानाच तिच्या सीटवर बांधलेली उशी हळूहळू मागे सरकत गेली, आणि उशी जाईल तिकडे विजयाही गेली. आधी रस्त्यावर उशी पडली, उशीवर विजया, आणि मग विजयावर सायकल.

"लागलं का गं?" मी ब्रेक दाबत ओरडले.

"नाही," उशीवर बसल्या बसल्या ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर विलक्षण समाधान होतं. "मंगल, इथं किती मऊ वाटलालंय म्हणून सांगू! मला जरा वेळ असंच बसू दे."

पुढे गेलेल्या रणशिंगे बाईंनी सायकल वळवली. गळ्यातली शिट्टी त्यांनी एकदा कर्कश वाजवली. रस्त्याकडेच्या ज्वारीतून दोन-चार साळुंक्या उडाल्या.

"म्याकल, उठा! ही काय बसायची जागा आहे?"

"बाई, सीट ही तरी बसायची जागा आहे का?" विजया पुटपुटली. पण बाईंना ऐकू जाणार नाही एवढ्याच आवाजात.

चौऱ्याऐंशी सालचा डिसेंबर होता. आम्ही तिघी सोलापूरहून बदामीला सायकलने निघालो होतो. दमयंती रणशिंगे आमच्या मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवत. पन्नाशीच्या जवळ आल्या होत्या, पण पाठ अशी ताठ की त्यांच्या शेजारी झेंड्याचा खांब वाकलेला वाटावा. विजया म्याकल शाळेची ग्रंथपाल. घरी तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी मराठी, आणि दोन्ही भाषांत सारखीच बडबडी. आणि मी सुमंगला बिराजदार, भूगोल शिकवणारी. वर्गात विजापूर नकाशावर बोटाच्या पेराएवढं लांब दिसायचं. त्या पेरात किती खड्डे असतात हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

या मोहिमेचं कारण असं, की आदल्या हिवाळ्यात गावातल्या काही पुरुषांनी बदामीची सायकलवारी काढली होती. विजापूरपर्यंत गेले आणि तिथून ट्रकमध्ये सायकली टाकून परत आले. तरी त्यांचा सत्कार झाला, शाली झाल्या, नारळ झाले. त्या सत्काराला रणशिंगे बाई बसल्या होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या आणि भर सभेत म्हणाल्या, "बदामी विजापूरच्या पुढे आहे. आम्ही जाऊन दाखवतो."

'आम्ही' म्हणजे कोण, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत ठरवलं. विजया हौसेनं तयार झाली. मला त्यांनी विचारलं, तेव्हा मी वह्या तपासत होते. मला सायकलीचं फार वेड होतं असं नाही, पण मला कुणाला 'नाही' म्हणता यायचं नाही. मी गप्प राहिले, आणि गप्प राहणं म्हणजे होकार असं धरून बाईंनी माझं नाव लिहून टाकलं.

माझ्या बाबतीत हे नेहमीचंच होतं. निघण्याआधीच्या दिवाळीत माझं लग्न ठरलं होतं, तेही असंच. स्थळ विजापूरचं, कलशेट्टींच्या घरचं. मुलगा महांतेश, बँकेत. दोन वेळा भेटलो होतो. एकदा तो म्हणाला होता, "प्रवास बरा झाला का?" आणि दुसऱ्यांदा म्हणाला होता, "चहा गार झाला." तसा चांगला वाटला. पण सुपारी फुटताना त्याचे वडील, सगळे त्यांना अप्पा म्हणत, ते माझ्या वडिलांना म्हणाले, "नोकरी सोडेल की मुलगी. आमच्याकडे कशाला लागते नोकरी?" वडिलांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे बघितलं, आणि विषय संपला. मला शाळा सोडायची नव्हती. पण जमिनीला ते कळून काय उपयोग?

घरून मोहिमेला परवानगी मिळाली ती मात्र या लग्नामुळेच. अप्पांनी निरोप धाडला होता, "आमच्या गावावरून जाणार आणि आमच्या घरचं पाणी नाही घेणार? दुसऱ्या मुक्कामाला तिघींनी आमच्याकडेच उतरायचं." आई म्हणाली, "सासरच की ते. जाऊ दे."

तर अशा आम्ही निघालो होतो, आणि पहिल्याच दुपारी आमच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. खरं तर तो बसला होता. आमच्या खाली.

त्या काळच्या सायकलीची सीट म्हणजे कडक चामड्याचं खोगीर, खाली दोन स्प्रिंगा. बाजारात जाऊन मेथी आणण्यापुरती ठीक. पण दिवसभर तिच्यावर बसलं की आधी मुंग्या येतात, मग आग होते, मग असं वाटतं की आपण सीटवर बसलेलो नसून सीट आपल्यावर बसली आहे. सलवारीची शिवण नेमकी नको तिथे येते. रस्त्यातला प्रत्येक खडा आपली ओळख सांगून जातो.

पण हे बोलायचं कसं? आम्ही तिघी शिक्षित बायका. पाय दुखतो म्हणता येतं, पाठ, मान, खांदा, सगळं म्हणता येतं. त्या जागेला मात्र आमच्याकडे शब्दच नव्हता. विजया 'तिथं' म्हणायची. मी काहीच म्हणत नव्हते. रणशिंगे बाईंनी निघण्यापूर्वी आम्हाला एक व्याख्यान दिलं होतं, त्यात त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "सुरुवातीला बैठकीचा प्रश्न येतो. बैठक पहिले दोन दिवस बंड करते. तिसऱ्या दिवशी शरण येते. तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही."

विजयानं लक्ष द्यायचं ठरवलं. सोलापूर सोडताना तिच्या सीटवर एक टर्किश टॉवेल गुंडाळलेला होता. चहाला थांबलो तेव्हा दुसरा चढला. आमच्या गावात टॉवेलांना काय तोटा! पण टॉवेल जितके वाढले तितकी ती वर वर जाऊ लागली, आणि शेवटी तिचे पाय पॅडलला टेकेनात. शिवाय टॉवेल बांधलेल्या सुतळीची गाठ बरोबर मधोमध. मग तिनं टॉवेल काढून उशी बांधली, आणि उशीचं काय झालं ते सांगितलंच.

झळकीला शाळेच्या एका खोलीत आमचा पहिला मुक्काम होता. भाकरी-पिठलं खाऊन आम्ही सतरंज्या पसरल्या. मी पालथी झोपले. विजया पालथी झोपली. जरा वेळानं मान वळवून बघितलं, तर रणशिंगे बाईही पालथ्या.

"बाई, तुम्हीपण?" विजयानं विचारलं.

"मी नेहमीच अशी झोपते," बाई उशीत तोंड खुपसून म्हणाल्या. "फुप्फुसांना चांगलं असतं."

दुसऱ्या दिवशी बाई चढावर उभ्या राहून पॅडल मारू लागल्या. चढाला सगळेच उभे राहतात, त्यात काही विशेष नाही. पण मग त्या सपाटीलाही उभ्या राहिल्या. मग उतारालाही. होर्तीच्या पुढे तर त्या बसल्याच नाहीत. एखाद्या सेनापतीनं रिकिबीत उभं राहून रणांगण न्याहाळावं तशा त्या क्षितिजाकडे बघत चालल्या होत्या. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

विजापूर जवळ आलं आणि गोलघुमट दिसायला लागला. एरवी मी वर्गात त्याच्यावर अर्धा तास बोलले असते. त्या संध्याकाळी मला एवढंच वाटलं, की आदिलशहा नक्की गादीवर बसत असणार.

कलशेट्टींचं घर एका अरुंद गल्लीत होतं. दारात सायकली लावल्या तेव्हा आम्ही तिघी पाय फाकून चालत होतो. महिनाभर जहाजावर राहून उतरलेले खलाशीसुद्धा असे चालत नसतील. समोरच्या घरातल्या शांतम्मा नावाच्या बाई पायरीवर तांदूळ निवडत होत्या, त्या सूप बाजूला ठेवून बघत राहिल्या.

"या, या! कूडरी, कूडरी!" अप्पा दारात आले. कूडरी म्हणजे बसा. विजापूरकडे पाहुण्याला दारात पाय ठेवायच्या आत हे दोनदा म्हणतात.

सोप्यात सागवानी खुर्च्या मांडल्या होत्या. जुन्या, कोरीव, भक्कम, आणि कणभरही गादी नसलेल्या. 

"बसा की," अप्पा म्हणाले.

"बसतो की," रणशिंगे बाई म्हणाल्या, आणि भिंतीजवळ जाऊन बसवेश्वरांची तसबीर बघू लागल्या. "फार सुंदर तसबीर आहे."

"फारच सुंदर," विजया म्हणाली आणि तीही तिकडे गेली.

मी उरले. मी कॅलेंडर बघायला गेले.

महांतेश कोपऱ्यात उभा होता. त्यानं मला नमस्कार केला आणि म्हणाला, "प्रवास बरा झाला का?"

"बरा झाला," मी म्हणाले.

आतून माझ्या होणाऱ्या सासूबाई आल्या. त्यांना सगळे अव्वा म्हणत. उंच, सावळ्या, इरकली नेसलेल्या, आणि चेहऱ्यावर असा करारीपणा की सुपारीच्या वेळी मी त्यांच्या नजरेला नजर दिली नव्हती. त्यांनी चहाचं तबक तिवईवर ठेवलं आणि खांबाला हात लावून उभ्या राहिल्या. त्या सुपारीच्या दिवशीही उभ्याच होत्या. मला आपलं वाटलं होतं, सासूचा दरारा असा असतो.

"चहा घ्या. बसून घ्या," अप्पा म्हणाले.

आम्ही उभ्यानं घेतला. बशीत ओतून फुंकर मारत मारत, जितका लांबवता येईल तितका. चहा संपला. अप्पा पुन्हा म्हणाले, "कूडरी." रणशिंगे बाईंना खिडकीतून काहीतरी दिसलं. विजयानं पुन्हा तसबीर बघितली. आता अप्पांचा चेहरा बदलायला लागला होता. आतिथ्यशील माणूस. त्यांच्या घरात येऊन तीन बायका बसायला तयार नाहीत, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं.

"एक विचारू का बाई," ते रणशिंगे बाईंना म्हणाले, आणि आवाज जड झाला. "आमच्याकडं काही चुकलं का? उभ्या उभ्या लोक येतात ते कुणी गेल्यावर येतात. भेटून जातात, बसत नाहीत. आमच्या घरात कुणी मेलेलं नाही."

"छे छे, तसं काही नाही!" बाई गडबडल्या. "ते काय आहे... बैठकीचा प्रश्न आहे."

"बैठकीचा?" अप्पांनी खुर्च्यांकडे बघितलं. "ही बैठक पसंत नाही? माझ्या आजोबांनी बनवून घेतल्यात या खुर्च्या."

"खुर्च्या छान आहेत हो! पण आमच्या बैठकीला..."

"सोयरिकीच्या बैठकीत काही राहिलं का? बिराजदारांचा काही निरोप आहे? असला तर सरळ सांगा. सोयरीक नको झाली असेल तर तेही सांगा. उभ्यानं कशाला सांगता?"

महांतेशनं माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच सरळ बघितलं. त्याच्या डोळ्यांत भीती होती. मला अजून आठवतं, ती भीती बघून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

रणशिंगे बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. भर सभेत उठून बोलणारी बाई, पण त्यांच्याजवळ शब्द नव्हता. विजया तर तसबिरीत शिरायच्या बेतात होती. कुणीतरी बोलायला पाहिजे होतं, नाहीतर माझं लग्न एका खुर्चीपायी मोडत होतं. मी मनात शब्द शोधायला लागले. 'बैठक' हा शब्द वापरून झालाच होता. पार्श्वभाग म्हणावं, तर तो शब्द कुणी बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. नितंब फक्त कवितेत असतात, आणि त्यांना तिथे कधी दुखत नाही. मागची बाजू म्हणावं, तर अप्पा परसात जाऊन बघून आले असते. हे सगळं डोक्यात चालू असताना तोंड आपलं आपण उघडलं.

"अप्पा, आम्हाला बसता येत नाही. आमचं ढुंगण दुखतंय."

सोप्यात असं शांत झालं की मागच्या अंगणातली म्हैस रवंथ करताना ऐकू आली.

मग महांतेशला ठसका लागला. तो उरलेला चहा पीत होता, तो चहा नाकातून आला. अप्पा आधी माझ्याकडे, मग छताकडे, मग चपलांकडे बघू लागले. "मी... ते... म्हशीला पाणी दाखवून येतो," असं म्हणून ते मागच्या दारानं गेले ते बराच वेळ आले नाहीत. म्हैस त्या संध्याकाळी हौदभर पाणी प्यायली असेल.

 अव्वांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मला वाटलं, संपलं. खुर्चीपायी मोडलं नाही ते आता माझ्या तोंडापायी मोडलं.

"तू आत ये," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघरात त्यांनी दार लोटून घेतलं. चुलीवर डाळ रटरटत होती. मी म्हणणार होते, चुकलं, पुन्हा असं बोलणार नाही. एवढ्यात त्याच पुढे झाल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"मलापण दुखतंय गं."

मला कळेना. "तुम्हीपण सायकल चालवता?"

"नाही गं बाई! मूळव्याध आहे. तीन वर्षं झाली." त्यांनी दाराकडे बघितलं. "बसता येत नाही. जेवायला वाढून झाल्यावर उभ्यानंच खाते. सगळ्यांना वाटतं, कामाची बाई आहे, बूड टेकत नाही. देवळात कीर्तनाला जायचं सोडलं. कुणाला सांगू?"

"अप्पांना?"

"त्यांना?" त्या म्हणाल्या. "बघितलंस ना, म्हशीकडं गेले."

"मग डॉक्टर?"

"गल्लीच्या टोकाला डॉक्टर आहे, तो महांतेशच्या वर्गातला. त्याला काय दाखवू? आता एक डॉक्टरीणबाई आल्यात बाजारात. दोन वेळा गेले त्यांच्या दारापर्यंत. आत गेलं की काय म्हणायचं, तेच सुचेना. परत आले." त्यांनी डोळे पुसले आणि एकदम हसायला लागल्या. पदर तोंडात धरून, खांदे हलवत. "तू किती सरळ म्हणालीस गं! तेही बसवेश्वरांच्या तसबिरीसमोर!"

त्यांना हसताना बघून मीही हसायला लागले. हसलं की तिथे आणखी दुखायचं, त्यामुळे आम्ही दोघी ओट्याला धरून 'आई गं, आई गं' करत हसत होतो. हसू ओसरल्यावर मला जाणवलं, की आता तोंड उघडलंच आहे, तर मिटायच्या आत आणखी एक गोष्ट सांगून घ्यावी.

"अव्वा, मला शाळा सोडायची नाही."

 त्यांनी डाळ ढवळली. मीठ घातलं. मग विचारलं, "हे सुपारीला का नाही बोललीस?"

"जमलं नाही."

"हं," त्या म्हणाल्या. "मला तीन वर्षं जमलं नाही." आणि मग पळी आपटून म्हणाल्या, "चल, पानं घेऊ. त्या दोघी तिकडं उभ्या आहेत बिचाऱ्या."

त्या दिवशी जेवणाला पाटांवर दुहेरी घड्या घालून सोलापुरी चादरी पसरल्या होत्या. शेंगाची पोळी आणि तूप होतं. रणशिंगे बाईंनी पाटाकडे एकदा बघितलं, शिट्टी काढून बाजूला ठेवली आणि हळूहळू, एका बाजूनं, डोळे मिटून खाली बसल्या. "अहाहा," त्या म्हणाल्या. मोहीम सुरू झाल्यापासून त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला खरा शब्द होता. मग त्यांनी विजयाला आणि मला जे सांगितलं ते असं, की त्यांची बैठक पहिल्या दिवशी सकाळी, सोलापूरच्या नाक्यावरच, शरण गेली होती. "पण पुढारी म्हणून कसं बोलणार?" विजयानं त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

सकाळी उठून अंगणात आले तर महांतेश पाना घेऊन माझ्या सायकलीशी वाकलेला. मला बघून तो ताडकन उभा राहिला.

"तुमची सीट... जरा उंच आहे," तो पान्याकडे बघत म्हणाला.

"मग?"

"उंच असली की पाय पोचवायला बाजू बदलावी लागते. मग ते... इकडून तिकडे हलतं. घासतं."

"काय हलतं?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तेच. काल तुम्ही म्हणालात ते."

मी हसू दाबलं. त्याला म्हटलं, बरं, मग करा खाली. त्यानं सीट खाली घेतली, तिचं वर आलेलं टोक सरळ केलं. मी बसून बघितलं. दुखत होतंच, पण कालच्यासारखं नाही. "आणि दर थोड्या वेळानं उभं राहायचं," तो म्हणाला. "दुखायच्या आधी. दुखल्यावर नाही." तो माझ्याशी बोलला त्यात ते तोवरचं सगळ्यात लांब भाषण होतं.

मग अव्वा बाहेर आल्या. डोक्यावर पदर, हातात परडी, परडीत फुलं.

"मंगलला सिद्धेश्वराच्या देवळात घेऊन जाते," त्यांनी घरात ओरडून सांगितलं, आणि मला डोळ्यांनी खूण केली.

देऊळ एका दिशेला होतं, आम्ही दुसऱ्या दिशेला निघालो. कोपऱ्यावर टांगेवाला होता. "बसा अव्वा, सोडतो!" तो म्हणाला.

"नको बाबा, चालतो आम्ही," अव्वा म्हणाल्या.

"बसा की, लांब आहे!"

"बसायलाच नको आहे म्हणते ना!" त्या डाफरल्या. घोडासुद्धा मागे सरकला.

डॉक्टरीणबाईंच्या दारात बाक होता. त्यावर आणखी दोन बायका बसल्या होत्या, त्यांनी सरकून जागा केली. आम्ही दोघी उभ्या राहिलो. नंबर आला तेव्हा अव्वा आत गेल्या आणि मला त्यांनी हाताला धरून ओढलं.

"काय होतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तरुण होत्या, चष्मा लावलेल्या.

अव्वांनी माझ्याकडे बघितलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. हे त्यांनीच म्हणायला पाहिजे होतं, असं मला का वाटलं कोण जाणे. त्यांनी परडी टेबलावर ठेवली. पदर नीट केला. आणि म्हणाल्या. सगळं म्हणाल्या. एकदा सुरुवात झाल्यावर तीन वर्षांचं सगळं, थांबा म्हटलं तरी थांबेनात.

डॉक्टरीणबाईंनी पडद्याआड तपासलं आणि बाहेर येऊन हात धुताना म्हणाल्या, "बरं होण्यासारखं आहे. मलम देते, कोमट पाण्यात बसायचं, ताक प्यायचं, पालेभाज्या खायच्या. पण तीन वर्षं? आधी का नाही आलात?" मग माझ्याकडे वळल्या. "आणि यांना काय झालंय? या का उभ्या?"

"ही सायकलवर बसून सोलापूरहून आली," अव्वा अभिमानानं म्हणाल्या. "हिची मैत्रीण तर सीटवर टॉवेल घालून."

"टॉवेल काढून टाका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मऊ थर जितके जास्त तितके ते सरकतात, आणि घासतात. खोबरेल लावा आणि जाड शिवणीचे कपडे घालू नका. आणि पुन्हा असं दुखलं तर सांगा, बाई. सांगायला काय होतं?"

 परत येताना परडीत मलमाची डबी फुलांखाली झाकली होती.

पुढचं इथेच थोडक्यात सांगून टाकते, कारण नंतर सांगायला मजा नाही. आम्ही बदामीला पोचलो. विजयाचे टॉवेल कोल्हारच्या पुलावरून कृष्णेला वाहिले, आणि तिथलं दही मात्र मडकंभर खाल्लं. ट्रक न घेता परतही आलो. आमचाही सत्कार झाला. रणशिंगे बाईंनी भाषणात बैठकीच्या प्रश्नावर इतकं उघड बोलून घेतलं, की अध्यक्ष पाणी प्यायला उठले. वैशाखात माझं लग्न झालं. नोकरी सोडली नाही. आम्ही विजापूर सोडलं त्याच दिवशी जेवताना अव्वांनी अप्पांना सांगून टाकलं होतं, "ती शाळा सोडणार नाही. महांतेश सोलापूरला बदली मागेल." बदली मिळायला वेळ लागला, तोवर तो दर शनिवारी सोलापूरला यायचा. एसटीनं. सायकल घेऊन ये म्हटलं, तर हसायचा.

पण त्या सकाळचं राहिलं.

आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. अप्पा कट्ट्यावर पेपर वाचत बसले होते. रणशिंगे बाई आणि विजया सायकलींना पिशव्या बांधत होत्या. महांतेश हवा भरत होता. समोरच्या पायरीवर शांतम्मा होत्याच. त्यांनी अव्वांच्या परडीकडे बघितलं, तर फुलं तशीच.

"काय अव्वा, देवळात गर्दी होती काय?"

"होती की," असं म्हणायला अव्वांचे ओठ हललेले मी बघितले. अगदी तिथपर्यंत आलं होतं. मग त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं, आणि आमच्या गावातल्या मिलच्या भोंग्याला लाजवेल अशा आवाजात म्हणाल्या,

"देवळात नाही गेलो. डॉक्टरीणबाईकडं गेलो होतो. मला मूळव्याध आहे. सून घेऊन गेली."

पंपाचा आवाज थांबला. अप्पांचा पेपर सावकाश खाली आला आणि त्याच्यामागून त्यांचे डोळे वर आले. वरच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. अव्वा घामाघूम झाल्या होत्या, पण मान खाली घातली नाही. फुलांखालची डबी त्यांनी काढून सरळ हातात धरली.

अप्पा उठले. मला वाटलं, आता म्हशीकडे जातात. पण ते दोन पायऱ्या उतरले, बायकोच्या हातातली परडी घेतली, आणि फक्त "दुखतंय काय फार?" एवढंच कन्नडमध्ये विचारून तिथेच तिच्याशेजारी उभे राहिले.

शांतम्मांनी सूप खाली ठेवलं. गुडघ्यांवर हात रोवून त्या उठल्या, डोक्यावरून पदर पुढे ओढला, इकडे तिकडे बघितलं, आणि गल्ली ओलांडून अव्वांच्या अगदी कानाशी आल्या.

"अव्वा," त्या कुजबुजल्या, "कुठं बसतात म्हणालात या डॉक्टरीणबाई?"